धरणावर गळ टाकायला जाताय? काठीच्या आधी पिशवीत दोरी टाका

हिंगोली : हळद शिजवून, वाळवून झाली, हरभरा घरात आला की गावातल्या पोरांना दोन-चार दिवस जरा मोकळे मिळतात. मग कुणीतरी विषय काढतो, "चला की धरणावर, गळ टाकू." दोन मोटारसायकली, चार जण, एक पिशवी आणि संध्याकाळच्या कालवणाचं स्वप्न. आपल्या जिल्ह्याला पाण्याची मोठी ठिकाणं जवळ आहेत. येलदरीचं धरण जिंतूर तालुक्यात येत असलं तरी त्याच्या पाण्याचा काठ आपल्या सेनगाव तालुक्याला लागतो. त्याच पूर्णा नदीवर खाली औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर धरण आहे. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचं पाणी कळमनुरी आणि पुसद या दोन तालुक्यांच्या मध्ये पसरलेलं आहे.

मासा लागणं न लागणं नशिबाचा भाग. पण गेलेले सगळे जण घरी परत येणं हे नशिबावर सोडायचं काम नाही. म्हणून गळाच्या सामानाबरोबर जिवाचं सामान कोणतं घ्यायचं, तेही या लेखात सांगतो.

आधी विचारा, मग गळ टाका

धरणाचं पाणी सरकारचं, म्हणून मासे कुणीही धरावेत असं नसतं. बहुतेक जलाशयांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्था पैसे भरून मत्स्यबीज सोडते आणि त्यावर भोई समाजातल्या व इतर मच्छीमारांची घरं चालतात. तेव्हा काठावर जाळं वाळवत बसलेल्या माणसाला आधी रामराम घाला आणि विचारा, "काका, इथं गळ टाकला तर चालतो का? पावती लागते का?" परवानगी तर कळतेच, शिवाय पाणी कुठं खोल आहे, गाळ कुठं आहे आणि मासा कुठं लागतो हेही तोच माणूस सांगतो. एवढी माहिती मोबाईलवर मिळत नाही.

इसापूरच्या परिसरात पक्षी अभयारण्य आहे. तिथं वन विभागाचे नियम लागतात, त्यामुळे मनाईचा फलक असलेल्या भागात शिरू नका. पावसाळा सुरू झाला की रोहू, कटला, मृगळ हे मासे अंड्यावर येतात. त्या काळात मासेमारी बंद आहे का, याची चौकशी संस्थेकडे किंवा मत्स्यव्यवसाय कार्यालयात करून घ्या. एका गाभोळीच्या माशाच्या पोटात लाखाच्या हिशोबात अंडी असतात. तो एक मासा सोडला तर पुढच्या सालाची सोय होते.

जिलेटीन लावून, विष टाकून किंवा तारेने करंट सोडून मासे मारणाऱ्यांच्या वाऱ्यालाही थांबू नका. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. करंटच्या नादात तर मारणाराच मरतो.

गळाचं सामान : महाग नको, नीट हवं

काठी : बाजारातली फिरकीची काठी असली तर उत्तम. नसली तर आपला सरळ, वाळलेला बांबू पुरे. शेंडा लवचिक हवा. मासा ओढतो तेव्हा काठी वाकली नाही तर तंगूस तुटतो.

तंगूस : रोहू-कटल्यासाठी साधारण 0.30 ते 0.40 मिलिमीटर जाडीचा घ्या. वापरण्याआधी दोन बोटांतून ओढून बघा. खरखर लागली तर तेवढा भाग कापून टाका. उन्हात पडून राहिलेला जुना तंगूस वरून चांगला दिसतो, पण ऐन वेळी दगा देतो.

गळ : गळाचा नंबर उलटा चालतो. नंबर मोठा तेवढा गळ लहान. दुकानात मागताना इथंच गफलत होते. दोन-तीन आकारांचे थोडे थोडे घ्या आणि झाकणाच्या डबीत ठेवा. खिशात किंवा टोपीला टोचून ठेवू नका.

गाठ : तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवा, मूळ दोरीभोवती पाच वेढे द्या, टोक पहिल्या फटीतून काढून वरच्या मोठ्या फासातून घ्या. आवळण्याआधी गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करा. कोरडी आवळली तर तंगूस तापतो आणि तिथंच कच्चा होतो.

शिसं आणि तरंगा : तळाच्या माशाला शिसं, वरच्या माशाला तरंगा. तरंग्यासाठी ज्वारीच्या धांड्याचा तुकडाही चालतो.

याशिवाय एक पक्कड, एक चाकू आणि मासे ठेवायला ओलं पोतं घ्या. घर लांब असेल तर थर्माकोलच्या डब्यात बर्फ न्या. उन्हाळ्यात मासा धरल्यावर लगेच पोट साफ केलं नाही तर घरी जाईपर्यंत वास सुटतो.

कोणत्या माशाला काय लावायचं

माशाचं तोंड बघितलं की तो कुठं खातो ते कळतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरात खातो. त्याच्यासाठी तरंगा लावून आमिष वरच ठेवा. रोहू मधल्या पाण्यात फिरतो. मृगळाचं तोंड खाली, तो तळाचं खातो. या तिघांनाही कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मिसळून मळलेला गोळा चालतो. गोळा असा मळा की पाण्यात टाकल्यावर लगेच विरघळणार नाही आणि दगडासारखा कडकही राहणार नाही.

मरळ शिकारी मासा आहे. गवताच्या, पाणवेलीच्या कडेला दबा धरून बसतो. त्याला लहान मासळी लागते. वाम आणि शिंगाडा तळाशी असतात, दिवस मावळताना गांडुळाला लागतात. शिंगाड्याला गळातून काढताना सांभाळा. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांजवळ काटे असतात. काटा घुसला तर हात ठणकतो. फडक्याने धरा आणि पकडीने गळ काढा.

वेळ म्हणाल तर पहाट आणि तिसऱ्या प्रहरानंतरची. भर उन्हात मासा खोल जातो. तुम्हीही सावलीला जा.

आता जिवाचं सामान

मागे एका मे महिन्यात आम्ही तिघं सिद्धेश्वरच्या काठावर गेलो होतो. पाणी बरंच मागे सरकलेलं. एकाचा गळ झुडपात अडकला. काढायला तो भेगाळलेल्या जमिनीवरून दहा-बारा पावलं पुढं गेला आणि मांडीपर्यंत रुतला. जितकी ओढाताण केली तितका खाली जात होता. मोटारसायकलला सामान बांधायला घेतलेली दोरी सोबत होती, म्हणून तो निघाला. गळ तीस-चाळीस रुपयांचासुद्धा नव्हता. तेव्हापासून काठी विसरली तरी चालेल, दोरी विसरायची नाही, असं आमचं ठरलं.

धरणाचा तळ म्हणजे एकेकाळची शेतं, ओढे, विहिरी. वरून पाणी सपाट दिसतं, खाली मात्र सपाट नसतं. गुडघाभर पाण्यात चालता चालता एकदम जुन्या ओढ्याच्या पात्रात किंवा विहिरीत पाय जाऊ शकतो. पाणी ओसरलेल्या जागी वरची पापडी वाळलेली आणि खाली लोण्यासारखा गाळ असतो. पाय रुतलाच तर उभं राहून धडपड करू नका. मागे टेका, अंग आडवं करा, हात पसरा आणि एकेक पाय हळूहळू सोडवा.

दुसरा धोका आभाळ कोरडं असताना येतो. येलदरी धरणाच्या पायथ्याला 22.5 मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे. तिथली यंत्रं सुरू झाली की पाणी पूर्णेच्या पात्रात येतं. पाऊस नसला तरी पात्रातली पातळी वाढते. म्हणून धरणाच्या खाली नदीपात्रातल्या खडकावर जाऊन बसू नका. भोंगा ऐकू आला किंवा पाणी गढूळ होऊन वाढताना दिसलं, तर सामान तिथंच टाका आणि वर या.

म्हणून पिशवीत हे हवंच :

- 15 ते 20 मीटर जाड दोरी.
- झाकणाचा पाच लिटरचा रिकामा प्लास्टिक कॅन. दोरीचं एक टोक त्याच्या कडीला बांधून ठेवा. आत तांब्याभर पाणी ठेवलं की तो लांब फेकता येतो. बुडणाऱ्याला धरायला हा कॅन लाख मोलाचा.
- पाण्यात उतरणार असाल किंवा होडीत बसणार असाल तर प्रत्येकाला लाइफ जॅकेट. थर्माकोलच्या तराफ्यावर बसायचं धाडस नको. मच्छीमार त्यावर बसतात, पण त्यांचा जन्म पाण्यात गेलेला असतो.
- बॅटरी, शिट्टी, भरपूर पिण्याचं पाणी, टोपी, मीठ-साखर.
- चार्ज केलेला मोबाईल, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. बऱ्याच काठांवर रेंज नसते. म्हणून कुठल्या काठाला जातोय आणि किती वाजता परत येणार, हे घरी सांगूनच निघा.

दारू हे सामान नाही. ती घरीही नको, पण पाण्याकाठी तर मुळीच नको.

अवकाळीच्या दिवसांत निघण्याआधी मोबाईलवर 'दामिनी' ॲप बघा. जवळपास वीज पडतेय का ते त्यात कळतं. गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवा, पाण्यापासून दूर व्हा आणि एकट्या झाडाखाली थांबू नका.

कुणी बुडत असेल तर

मागोमाग उडी मारू नका. बुडणारा माणूस गळ्याला मिठी मारतो आणि एकाच्या जागी दोघं जातात. काठावर आडवं पडून काठी पुढं करा, दोरी किंवा कॅन फेका, आरडाओरडा करून मच्छीमारांना बोलवा. एकाने लगेच 112 आणि 108 लावावा.

माणूस बाहेर काढल्यावर त्याला उलटं टांगणं, पोट दाबणं, गरगर फिरवणं हे काहीही करू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास चालत नसेल तर पाठीवर झोपवा, मान थोडी मागे करा, नाक दाबून तोंडाने श्वास द्या. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर 30 वेळा दाबा, पुन्हा 2 श्वास. गाडी येईपर्यंत हे थांबवायचं नाही. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच, कारण फुफ्फुसात गेलेलं पाणी नंतरही त्रास देतं.

गळ बोटात आरपार घुसला तर उलटा ओढू नका, कारण त्याला मागे काटा असतो. तंगूस कापा आणि तसंच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. साप चावला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं, मांत्रिकाकडे नेणं यात वेळ घालवू नका. तो भाग न हलवता सरळ दवाखाना गाठा.

निघताना

तुटलेला तंगूस काठावर टाकू नका. तो कुजत नाही. पाखरांच्या पायात आणि जनावरांच्या पोटात जातो. गुंडाळून परत आणा. बोटाएवढी पिल्लं लागली तर हात ओला करून हळूच सोडून द्या.

मासा मिळाला तर आनंदच आहे. नाही मिळाला तर सेनगावच्या नाहीतर औंढ्याच्या बाजारात विकत मिळतो. घरी मात्र माय दारात उभी राहून मोटारसायकलचा आवाज ऐकत असते. पोतं भरलं की नाही, हे ती नंतर विचारते. आधी ती माणसं मोजते.