सेल्फीतले नाक

‘कॅमेरा खोटे बोलत नाही’ हा समज मोबाइलच्या बाबतीत सपशेल चुकीचा आहे, आणि त्याच्या भरवशावर लोक थेट सर्जनकडे जातात, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी. हात लांब करून सेल्फी काढताना फोन चेहऱ्यापासून जेमतेम फूटभर लांब असतो. नाकाचा शेंडा बारा इंचांवर आला, तर कान सोळा-सतरा इंचांवर जातात. जवळची वस्तू मोठी दिसते, या साध्या नियमाने नाक फुगते आणि कान, गालांच्या कडा आक्रसतात. तोच फोन कुणाच्या तरी हाती देऊन पाच फुटांवरून फोटो काढला, की ही अंतरे साठ आणि पासष्ट इंचांच्या आसपास येतात आणि तफावत जवळजवळ नाहीशी होते. अमेरिकी संशोधकांनी २०१८ मध्ये हे गणित करून दाखवले: बारा इंचांवरच्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के अधिक रुंद दिसते. दोष भिंगाच्या अंतराचा असताना कात्री मात्र नाकाला लागते. त्या देशातल्या चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने २०१७ मध्ये केलेल्या पाहणीत, सेल्फीत बरे दिसावे म्हणून शस्त्रक्रिया मागणारे लोक आपल्याकडे येतात, असे ५५ टक्के सर्जनांनी सांगितले होते.

अंतराच्या या खोटेपणात चेहरा बदलणारे फिल्टर भर घालतात. त्यावर हमखास ऐकू येते, की फिल्टर खोटा असतो हे शाळकरी पोरांनाही कळते, मग त्याने बिघडते कुठे? कळते हे खरे, पण कळल्याने परिणाम टळत नाही. नॉर्वेने २०२२ पासून जाहिरातींतल्या फेरफार केलेल्या शरीरांवर तशी सूचना छापणे बंधनकारक केले. हेतू चांगला आहे. मात्र अशा सूचनांवर झालेल्या प्रयोगांत पाहणाऱ्यांची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी बहुतेक वेळा कमी झालेली दिसत नाही. तुलना ही विचारपूर्वक केली जातच नाही, ती होऊन जाते. त्यात आता तुलना नटीशी राहिलेली नाही. पूर्वी लोक सर्जनकडे सिनेतारकेचा फोटो नेत. आता स्वतःचाच फिल्टर लावलेला फोटो नेतात, असे बॉस्टनच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०१८ मध्ये नोंदवले. नटीसारखे दिसणे आपल्या नशिबी नाही, अशी मनाची समजूत तरी घालता येत होती. इथे समोर आपलाच चेहरा असतो, थोडा गोरा, थोडा निमुळता, अगदी हाताशी आल्यासारखा.

सौंदर्याची ओढ तर सुश्रुताच्या काळापासून आहे, उगाच सोशल मीडियाला कशाला धारेवर धरता, हा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. मुळातच खिन्न असलेली मुले फोनमध्ये अधिक रमत असतील, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता? नुसत्या पाहण्यांतून याचे उत्तर मिळत नाही, त्यासाठी प्रयोग लागतो. कॅनडात १७ ते २५ वयाच्या, चिंता किंवा नैराश्याची लक्षणे असलेल्या २२० विद्यार्थ्यांवर असा प्रयोग झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी तीन आठवडे सोशल मीडिया दिवसाला तासाभरावर आणला, त्यांचे स्वतःच्या दिसण्याबद्दलचे आणि वजनाबद्दलचे मत इतरांच्या तुलनेत सुधारले. सगळा दोष सोशल मीडियाचा, असे यातून सिद्ध होत नाही. पण त्याचा काही संबंधच नाही, हे म्हणणे यापुढे टिकत नाही.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे, एकदा नाक नीट झाले की मन शांत होईल. विचार करून निर्णय घेतलेल्या अनेक प्रौढांच्या बाबतीत तसे होतेही, आणि त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु काहींना नसलेला किंवा नगण्य दोष दिवसाचे तास न् तास छळतो. ‘बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर’ हा आजार सर्वसाधारण लोकांत सुमारे दोन टक्क्यांना असतो, सौंदर्योपचारांसाठी येणाऱ्यांत त्याच्या कित्येक पट. त्यांची खंत शस्त्रक्रियेने सहसा मिटत नाही. नाक झाले की हनुवटी खुपू लागते. त्यांना उपयोग होतो तो वर्तनोपचारांचा आणि काही नैराश्यविरोधी औषधांचा. म्हणूनच चांगला सर्जन पहिल्या भेटीत चाकूबद्दल बोलत नाही. हा दोष कधीपासून जाणवतो, दिवसातला किती वेळ त्यात जातो, घरच्यांना तो दिसतो का, हे तो विचारतो, आणि मोबाइलमधला फोटो बाजूला ठेवून योग्य अंतरावरून स्वतः नवा फोटो काढतो.