दहा वेळा वाचलं, तरी आठवत का नाही?

"दहा वेळा वाचलाय धडा, तरी पेपरात आठवत नाही!" दहावीचं मूल असलेल्या घरात हे हमखास ऐकू येतं. त्यावरचा सल्लाही ठरलेला: "मग अजून एकदा वाच." अहो, त्याला आता तरी पुस्तक मिटू द्या!

पुन्हा पुन्हा वाचलं की पक्कं होतं, हा शिक्षणातला सर्वांत चिवट गैरसमज. विज्ञानातला गुरुत्वाकर्षणाचा धडा घ्या. केप्लरचे नियम तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, 'येतंय की मला' म्हणत पान उलटलं जातं. त्यात पिवळा हायलायटर फिरवला की अभ्यास झाल्याचं समाधान वेगळंच! आता कोऱ्या कागदावर ग्रहाची कक्षा काढायला सांगा. अनेकांचा सूर्य मधोमध येतो. तो लंबवर्तुळाच्या नाभीपाशी हवा. ग्रहाचा वेग कुठे जास्त, असं विचारलं की पेन्सिल थांबते. ओळ दिसल्यावर ओळखणं सोपं. पेपरात ती समोर नसते.

विश्वास बसत नसेल तर अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग पाहा. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रं नुसता वाचला. दुसऱ्या गटाने एक सत्र वाचला आणि पुढची तीन सत्रं न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. फसगत इथेच होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे 40 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 61. गंमत म्हणजे आपल्याला चांगलं आठवेल अशी जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती.

पहिलं वाचन समजून हवंच, त्याला पर्याय नाही. पण त्यानंतर पुस्तक मिटून लिहायचं, मग उघडून चुका तपासायच्या, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. वर्गात तासाच्या सुरुवातीला मागच्या आठवड्यावरचे तीन प्रश्न विचारले तरी हेच साधतं. त्याला मार्क देऊ नका, नाहीतर लगेच त्याचाही क्लास निघेल.

बाकीचे गैरसमज भराभर. "आमची मुलगी व्हिज्युअल लर्नर आहे": मानसशास्त्रज्ञ पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये संशोधनाचा आढावा घेतला, अशा बघून किंवा ऐकून शिकण्याच्या शैलीनुसार शिकवल्याने जास्त समजतं याला पुरेसा पुरावा सापडला नाही. नकाशा सगळ्यांनीच बघायचा असतो आणि उच्चार सगळ्यांनीच ऐकायचे असतात. "पाठांतर वाईटच": पाढे पाठ नसलेलं मूल गणित सोडवताना सात आठे किती यातच अडकतं, पुढची पायरी सुचणार कधी? आणि बोटांचे ठसे घेऊन मुलाचा कल सांगणारी ती महागडी चाचणी! ठसे आईच्या पोटातच तयार होतात, त्यांत मुलाने आर्ट्सला जावं की सायन्सला हे लिहिलेलं नसतं. तेवढ्या पैशांत कोऱ्या वह्यांचा गठ्ठा येईल.