गृहसंगणक, जुने : जतन व वापर
घरगुती वापरासाठी बनविलेल्या व नेहमीच्या दूरचित्रवाणी संचाला जोडून चालविता येणाऱ्या लहान संगणकाला गृहसंगणक म्हणतात. या प्रकारच्या संगणकांचा प्रसार मुख्यतः १९७७ ते १९९० या काळात झाला. ब्रिटनमधील बीबीसी मायक्रो (१९८१) व सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम (१९८२) आणि अमेरिकेतील कमोडोर ६४ (१९८२) हे त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होत. प्रत्येक उत्पादकाची रचना स्वतंत्र असल्यामुळे एका संगणकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. साहजिकच उत्पादन थांबले, की त्या संगणकासाठी तयार झालेले सर्व लेखन, शिक्षणसाहित्य व खेळ निराधार होत. सिंक्लेअर कंपनीचा संगणक व्यवसाय १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅड कंपनीने विकत घेतला. कमोडोर कंपनी १९९४ मध्ये दिवाळखोरीत निघाली. तरीही हे संगणक आज वापरात आहेत. जुन्या यंत्राची दुरुस्ती करून त्याला आधुनिक उपकरणे जोडणे किंवा नव्या संगणकावर त्याची तंतोतंत नक्कल करणे या दोन मार्गांनी ते साध्य झाले आहे. हे मार्ग परस्परांना पर्याय आहेत असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात ते एकमेकांवर अवलंबून आहेत.

भारतात शाळांमध्ये संगणकाची ओळख करून देण्यासाठी १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या प्रकल्पात बीबीसी मायक्रो वापरण्यात आला. स्पेक्ट्रम प्लसची परवानाप्राप्त भारतीय आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ च्या सुमारास बाजारात आणली. त्यामुळे पुढील विवेचनातील यंत्रे येथील एका पिढीला अगदीच अपरिचित नाहीत.

यंत्राची झीज : चाळीस वर्षांनंतर अशा संगणकातील सिलिकॉनच्या चिपा बहुधा शाबूत असतात, त्यांच्या भोवतालचे भाग मात्र निकामी होतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील द्रव सुकतो किंवा गळतो. स्पेक्ट्रमच्या रबरी कळफलकाखाली प्लॅस्टिकचे पातळ पटल असते. त्याच्या पट्ट्या कालांतराने ठिसूळ होऊन तुटतात. हे पटल आता नव्याने बनविले जाते. कमोडोर ६४ चा धोका निराळा आहे. त्याचा ५ व्होल्टचा पुरवठा करणारा भाग राळेत बंद केलेला असल्याने उघडून दुरुस्त करता येत नाही, आणि तो बिघडला म्हणजे विद्युत् दाब कमी होण्याऐवजी वाढतो व स्मृतीच्या चिपा जळतात. म्हणून मूळ पुरवठा अंकाला जोडण्यापूर्वी मापकाने तपासणे किंवा सरळ नवा घेणे इष्ट ठरते. कमोडोर अमिगाच्या काही स्मृतिपूरक कार्डांवर निकेल-कॅडमियमची बॅटरी आहे. ती गळून मंडलावरील तांब्याच्या रेषा खाते. असे यंत्र हाती आल्यावर बॅटरी काढून टाकणे हे पहिले काम होय.

स्पेक्ट्रमच्या स्मृतीची हकीकत उद्‌बोधक आहे. क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा कटाक्ष किंमत कमी ठेवण्यावर होता. १६ किलोबाइट स्मृतीचे यंत्र १२५ पौंडांना व ४८ किलोबाइटचे १७५ पौंडांना विकले जाई. मोठ्या आवृत्तीतील जादा ३२ किलोबाइटसाठी एका अर्ध्या भागात दोष निघालेल्या ६४ किलोबिटच्या चिपा स्वस्तात घेऊन त्यांचा चांगला अर्धा भाग तेवढा वापरण्यात आला. पहिल्या १६ किलोबाइटच्या चिपांना १२, ५ व उणे ५ असे तीन विद्युत् दाब लागतात. त्यांतील उणे ५ व्होल्टचा दाब नाहीसा झाल्यास त्या लवकरच निकामी होतात. या यंत्रांच्या दुरुस्तीत हा दोष वारंवार आढळतो. आता एकाच दाबावर चालणाऱ्या नव्या चिपांची छोटी पाटी त्या जागी बसविता येते.

आधुनिक उपकरणांची जोड : मूळ स्पेक्ट्रम दूरचित्रवाणीच्या अँटेनाच्या जागी जोडला जाई. अशा रेडिओ तरंगाधारित जोडणीने चित्र पुसट दिसते आणि अनेक नव्या संचांत ती ग्रहण करण्याची सोयच नसते. यंत्रात किरकोळ फेरफार करून मूळ चित्रसंकेत सरळ बाहेर घेतात व परिवर्तकाच्या साहाय्याने तो नव्या पडद्यावर दाखवितात. मात्र काही गोष्टी यातून निसटतात. खेळात वापरली जाणारी प्रकाशबंदूक जुन्या काचनळीतील किरणाची जागा वेळेवरून ओळखते. सपाट पडद्यावर असा फिरता किरणच नसल्याने ती निरुपयोगी ठरते.

साठवणीच्या बाबतीतील सुधारणा सर्वांत लक्षणीय आहे. स्पेक्ट्रमचे प्रोग्रॅम कॅसेटच्या फितीवर ध्वनीच्या रूपात साठविले जात व ४८ किलोबाइट भरण्यास सुमारे पाच मिनिटे लागत. आवाजाची पातळी थोडी चुकली तरी सर्व पुन्हा करावे लागे. ‘डिव्हएमएमसी’ प्रकारचे मंडल मागील जोडणीत बसविल्यास तेच प्रोग्रॅम एसडी कार्डावरून काही सेकंदांत येतात. कमोडोर ६४ च्या बाबतीत हे इतके सोपे नाही. त्याच्या ‘१५४१’ या फ्लॉपी यंत्रात स्वतंत्र मायक्रोप्रोसेसर व स्मृती होती. म्हणजे तो एक दुसरा संगणकच होता. त्याची गती अतिशय मंद असल्याने लेखकांनी स्वतःचे जलद वाचनाचे प्रोग्रॅम त्या यंत्राच्या स्मृतीत पाठविण्याची युक्ती काढली. परिणामी केवळ फाइली पुरविणारे स्वस्त उपकरण साध्या प्रोग्रॅमना चालते, पण अशा युक्त्या वापरणाऱ्या अनेक प्रोग्रॅमपुढे अडते. तेथे संपूर्ण फ्लॉपी यंत्राचीच नक्कल करणारे उपकरण लागते.

एम्युलेटर : एका संगणकाच्या सर्व भागांचे वर्तन दुसऱ्या संगणकावर घडवून आणणाऱ्या प्रोग्रॅमला एम्युलेटर म्हणतात. कमोडोरसाठी ‘व्हाइस’, स्पेक्ट्रमसाठी ‘फ्यूज’ व बीबीसी मायक्रोसाठी ‘बीबएम’ हे परिचित आहेत. मायक्रोप्रोसेसरच्या आज्ञा पार पाडणे हा यातील सोपा भाग आहे. अवघड भाग वेळेचा. स्पेक्ट्रममधील झेड८० हा मायक्रोप्रोसेसर ३·५ मेगॅहर्ट्‌झने चालतो व पडद्यावरील एक चित्र ६९,८८८ ठोक्यांत पूर्ण होते. पडद्यासाठीची माहिती पहिल्या १६ किलोबाइटमध्ये असते. ती वाचणारी यूएलए ही चिप आणि मायक्रोप्रोसेसर यांना ही स्मृती एकाच वेळी हवी असल्यास यूएलएला अग्रक्रम मिळतो व मायक्रोप्रोसेसरला सहा ठोक्यांपर्यंत थांबावे लागते. कोणत्या क्षणी किती थांबावे लागेल, हे हिशोबात धरून अनेक लेखकांनी पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे काढण्यासारखे परिणाम साधले. एक ठोका चुकला तर ते परिणाम विस्कटतात. हे वर्तन उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत नव्हते. ते चालू स्थितीतील यंत्रांवर मोजून काढावे लागले. यूएलएच्या अंतर्रचनेचा उलगडा तर चिपचे आवरण काढून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे झाला आणि ख्रिस स्मिथ यांनी तो २०१० मध्ये पुस्तकरूपाने मांडला. म्हणजे चांगला एम्युलेटर जुन्या यंत्रांची गरज संपवितो हा समज बरोबर नाही. कमोडोर ६४ मधील ‘सिड’ ही ध्वनिनिर्मितीची चिप याचे बोलके उदाहरण आहे. एकाच नमुन्याच्या दोन चिपांतील गाळणीचे गुणधर्मही सारखे नसतात. अशा वेळी नक्कल नेमकी कोणत्या चिपची करावयाची, हा प्रश्न उरतोच.

अलीकडे एफपीजीए या पुनर्जोडणी करता येणाऱ्या चिपांमध्ये संपूर्ण जुने मंडल उभे करण्यात येते. ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’ हा याच पद्धतीचा संगणक असून त्याच्यासाठी २०१७ मध्ये लोकवर्गणी जमविण्यात आली व २०२० मध्ये तो ग्राहकांच्या हाती पडू लागला. त्याचे बाह्यरूप मूळ स्पेक्ट्रमचे आकल्पक रिक डिकिन्सन यांनीच केले होते. झायलॉग कंपनीने २०२४ मध्ये स्वतंत्र झेड८० चिपांची मागणी स्वीकारणे बंद केले. त्यामुळे यापुढे दुरुस्तीसाठी उरलेला साठा किंवा अशी पर्यायी मंडले यांवरच भिस्त राहील.

प्रोग्रॅम व माहिती : यंत्र दुरुस्त करता येते, नव्याने घडविताही येते. पुसट झालेल्या फितीवरील मजकूर मात्र कोणत्याही उपायाने परत येत नाही. त्यामुळे उपलब्ध फिती व चकत्या वेळीच वाचून त्यांच्या प्रती करणे हे या क्षेत्रातील सर्वांत निकडीचे काम आहे. स्पेक्ट्रमच्या फितींसाठी ‘टीझेडएक्स’ ही नोंदपद्धती वापरतात. तीत मजकुराबरोबर फितीवरील स्पंदांचे कालावधीही नोंदता येत असल्याने प्रतिबंधक युक्त्या वापरलेल्या फितीही जशाच्या तशा टिकतात. प्रती करण्यात कायद्याची अडचण असते, कारण स्वामित्वहक्क बहुधा शिल्लक असतो आणि त्याचा धनी पुष्कळदा सापडत नाही. यंत्रातील कायम स्मृतीचाही हाच प्रश्न आहे. ॲमस्ट्रॅड कंपनीने १९९९ मध्ये स्पेक्ट्रमच्या रॉममधील मजकूर, हक्क स्वतःकडे राखून, एम्युलेटरबरोबर देण्यास अनुमती दिली. सर्व हक्कधारकांनी असे औदार्य दाखविलेले नाही.

या कामास उशीर झाल्यास काय होऊ शकते, हे बीबीसीच्या डूम्झडे प्रकल्पाने दाखवून दिले. विल्यम राजाच्या आज्ञेने झालेल्या १०८६ मधील इंग्लंडच्या पाहणीला नऊशे वर्षे झाल्यानिमित्त १९८६ मध्ये ब्रिटनच्या जनजीवनाची नवी नोंद करण्यात आली. तीत दहा लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला. त्यांत शाळकरी मुले मोठ्या संख्येने होती. हा मजकूर व छायाचित्रे लेसरने वाचावयाच्या मोठ्या चकत्यांवर साठविली होती. त्या वाचण्यास फिलिप्सचे खास यंत्र व त्याला जोडलेला बीबीसी मास्टर संगणक लागे. संच महाग असल्याने फारसा खपला नाही. पंधरा वर्षांच्या आत चालू यंत्रे दुर्मीळ झाली. मूळ १०८६ चे हस्तलिखित मात्र तेव्हाही वाचता येत होते. लीड्स व मिशिगन या विद्यापीठांच्या ‘कॅमिलिऑन’ प्रकल्पाने एका शिल्लक वाचनयंत्राच्या साहाय्याने चकत्यांवरील माहिती उतरवून घेतली आणि ‘बीबएम’ या हौशी लोकांनी लिहिलेल्या एम्युलेटरमध्ये भर घालून २००२ मध्ये ती पडद्यावर पुन्हा आणली. पुढे २०११ मध्ये बीबीसीने त्यांतील लोकांनी पाठविलेला भाग इंटरनेटवर खुला केला.