नेमणाऱ्यालाही खरं सांगणाऱ्या फ्रेनीबाई

आज आम्ही फ्रेनी जिनवाला या बाईंविषयी बोलणार आहोत. नावावरून ओळखलंच असेल, त्या पारशी. पूर्वज भारतातून गेलेले. फ्रेनीबाईंचा जन्म १९३२ सालचा, दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचा.

तिथं तेव्हा गोऱ्यांचं राज्य होतं. काळ्या माणसाला मत नाही, फिरायचं तर खिशात पास हवा. १९६० साली शार्पव्हिल गावात या पासविरुद्ध लोक जमले आणि पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसं मेली. नेल्सन मंडेलांच्या पक्षावर बंदी आली. त्या पक्षाचे नेते ऑलिव्हर टांबो यांना देशाबाहेर सुखरूप काढायच्या कामात फ्रेनीबाई होत्या. मग त्यांनाही देश सोडावा लागला. वय अठ्ठावीस. परत यायला तीस वर्षं लागली.

टांझानियात दार-ए-सलाम शहरात राहून त्या पत्रकार झाल्या. १९६३ साली तिथल्या सरकारनंही त्यांना बाहेर काढलं. पण पुढं राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांनी १९७० साली तिथलं मोठं इंग्रजी वर्तमानपत्र सरकारच्या ताब्यात घेतलं, आणि संपादक म्हणून याच बाईंना बोलावलं. सरकार चुकलं तर लिहायची मोकळीक राहील, असंही न्येरेरेंनी जाहीर केलं. दुसऱ्याच वर्षी सुदानच्या सत्ताधाऱ्यानं विरोधकांना फाशी दिली. सुदान टांझानियाचं मित्रराष्ट्र. बाईंच्या वर्तमानपत्रानं अग्रलेखात त्यावर टीका केली आणि बाईंची नोकरी गेली. मोकळीक देणं सोपं असतं, आपल्याला दुखलं की आठवते!

१९९० नंतर त्या मायदेशी परतल्या. आता आपल्या कामाची गोष्ट ऐका. नवी राज्यघटना लिहायची बोलणी चालू होती आणि टेबलाभोवती बहुतेक पुरुषच. तेव्हा वेगवेगळ्या पक्षांच्या, जातीधर्मांच्या, काळ्या-गोऱ्या बायकांच्या संघटना १९९२ साली एकत्र आल्या. फ्रेनीबाई त्यांच्या प्रमुखांपैकी एक. गावोगावी बायकांना विचारलं, बाई, तुला काय हवं? त्यातून १९९४ साली बारा कलमांची सनद तयार झाली. त्यात पाणी आहे, जमिनीचा हक्क आहे, घरातली मारहाण आहे, आणि बाईच्या बिनपगारी कामाची मोजदादही आहे. आपल्याकडं कर्जाच्या अर्जावर ‘व्यवसाय: काही नाही’ असं लिहिणारीनं हे लक्षात घ्यावं.

सगळ्यात मोठा अडथळा आला तो गावच्या पारंपरिक प्रमुखांचा. रूढी समानतेच्या कलमातून वगळा, असा त्यांचा हट्ट. म्हणजे जमीन, वारसा, लग्न या बाबतीत खेड्यातल्या बाईला समानता लागूच होणार नाही. समानता फक्त शहरापुरती! बायकांनी ते मान्य केलं नाही, ग्रामीण बायकांनी तर मुळीच नाही. शेवटी रूढी राहिली, पण समानतेच्या खाली.

एप्रिल १९९४ मध्ये निवडणूक झाली. पूर्वीच्या संसदेत शंभरात तीनही बायका नव्हत्या; आता चारशेत शंभराच्या वर आल्या. सभागृहाच्या अध्यक्षपदी फ्रेनीबाई बसल्या, त्याही साडी नेसून. दहा वर्षं. संसदेत पाळणाघर आलं ते याच नव्या काळात.

निवृत्तीनंतर २००७ साली राष्ट्राध्यक्ष म्बेकी यांनी त्यांना एक नाजूक चौकशी दिली. देशाच्या मुख्य सरकारी वकिलानं पोलीसप्रमुखाविरुद्ध अटक वॉरंट काढलं होतं आणि त्या वकिलालाच निलंबित केलं होतं. तो पदाला लायक आहे का, हे बाईंनी सांगायचं. सरकार त्यांच्याच पक्षाचं. बाईंनी वकिलाच्या काही चुका दाखवल्या, पण सरकारचाही मुलाहिजा ठेवला नाही: माणूस नालायक ठरत नाही, त्याला कामावर परत घ्या. सरकारनं सल्ला मानला नाही, वकिलाला काढलंच.

त्या पोलीसप्रमुखाला २०१० साली लाचखोरीत १५ वर्षांची शिक्षा झाली. फ्रेनीबाई तेव्हा हयात होत्या. १२ जानेवारी २०२३ ला, वयाच्या ९० व्या वर्षी त्या गेल्या.