पुष्पगुच्छातल्या फुलाचे वय

पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला भिंगारला राहणाऱ्या आईच्या साठाव्या वाढदिवशी फुले पाठवायची आहेत, असे समजा. ती पुण्यात फुले विकत घेऊन एस.टी.ने पाठवत बसत नाही. भिंगारच्या किंवा नगरच्या फुलवाल्याला फोन करते, पैसे पाठवते आणि तासाभरात त्याच्या दुकानातला मुलगा गुच्छ आईच्या दारी नेऊन देतो. पुणे ते नगर हे सुमारे १२० किलोमीटरचे अंतर कापले ते निरोपाने. फुलांनी कापले ते दोन-चार किलोमीटरच.

भिंगार हे छावणीचे गाव. इथल्या कितीतरी घरांतले कोणीतरी दूर असते आणि दूरदूरच्या प्रांतांतली माणसे इथे येऊन राहिलेली असतात. निरोप दूरचा आणि फुले जवळची, ही सोय अशा गावाला चांगली समजते. सोय तशी जुनी आहे. १९१० साली अमेरिकेतल्या काही फुलविक्रेत्यांनी एकत्र येऊन तारेने मागणी कळवायची आणि त्या गावच्या विक्रेत्याने गुच्छ पोचवायचा, अशी संघटना उभारली. आपल्याकडची तार २०१३ साली बंद झाली, पण ही रीत टिकली. तारेच्या जागी आधी दूरध्वनी आला, मग मोबाइल.

फुलांना दूर पाठवण्याऐवजी निरोपच का पाठवावा लागतो? ‘फुले नाशवंत असतात म्हणून’, असे उत्तर कोणीही देईल. पण नाशवंत म्हणजे नेमके काय? तोडल्या क्षणापासून फुलात काय घडत असते? हे समजले तर आपण पाठवत असलेल्या गुच्छाकडे वेगळ्या नजरेने पाहता येईल.

शिदोरी आणि तापमान

तोडलेले फूल मेलेले नसते. त्याच्या पेशी जिवंत असतात आणि श्वसन करत असतात. श्वसनासाठी शर्करा लागते. झाडावर असताना ती पानांकडून रसवाहिन्यांमार्फत सतत येत असते. दांडी कापली की हा पुरवठा तुटतो. आता पाकळ्यांत, दांडीत आणि उरलेल्या पानांत जी शर्करा व स्टार्च साठलेला असेल तेवढीच फुलाची शिदोरी. कळीला उमलायचेही याच शिदोरीवर असते.

शिदोरी किती वेगाने संपेल हे मुख्यतः तापमान ठरवते. श्वसन ही विकरांनी घडवून आणलेली रासायनिक क्रिया आहे. तापमान १० अंशांनी वाढले की तिचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. आपण हिशेबापुरता दुप्पटच धरू. समजा, एका फुलाची शिदोरी २५ अंश सेल्सिअसला ६ दिवस पुरते. मग ३५ अंशांना ती ३ दिवस पुरेल, १५ अंशांना १२ दिवस आणि ५ अंशांना २४ दिवस.

आता हे फूल ३५ अंशांच्या उन्हात १२ तास राहिले तर काय होईल? शिदोरीचा सहावा भाग संपेल. शीतगृहात ५ अंशांना तेवढीच शिदोरी संपायला चार दिवस लागले असते. उन्हातला अर्धा दिवस म्हणजे शीतगृहातले चार दिवस! नगरकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास जातो. तेव्हा टपावर ठेवलेल्या खोक्यात फुलांचे काय होत असेल, याचा हिशेब विद्यार्थीच करू शकतील.

यातली खरी मेख पुढेच आहे. हा खर्च त्या दिवशी डोळ्यांना दिसत नाही. उन्हात राहिलेले आणि थंडीत राहिलेले अशी दोन फुले संध्याकाळी शेजारी ठेवली तर बहुतेक वेळा सारखीच टवटवीत दिसतात. फरक दिसतो तो दोन-तीन दिवसांनी, गुच्छ घरात आल्यावर. तोपर्यंत व्यवहार पूर्ण झालेला असतो. फुलाचे वय तोडल्यापासूनच्या तासांत मोजून चालत नाही; ते तास कुठल्या तापमानात गेले हेही पाहावे लागते.

तहान

शिदोरी संपण्याच्या कितीतरी आधी फूल तहानेने कोमेजू शकते. पानांतून आणि पाकळ्यांतून पाण्याची वाफ बाहेर जात असते. यालाच आपण बाष्पोच्छ्वास म्हणतो. वरून पाणी जाते तसे खालून ओढले जाते. दांडीतल्या जलवाहिन्यांत पाण्याचा अखंड, ताणलेला धागा असतो. दांडी हवेत कापली की ताणलेला धागा आत ओढला जातो आणि त्याच्या जागी हवा शिरते. पुढे दांडी पाण्यात ठेवली तरी हा हवेचा बुडबुडा वाट अडवतो. म्हणून घरी आणलेल्या फुलांच्या दांड्यांचे टोक पाण्याखाली धरून दोन-तीन सेंटिमीटर कापावे. बुडबुड्याचा भाग कापला जातो आणि धागा पुन्हा जुळतो.

दांडी तिरपी कापावी असे सांगतात, कारण तिरपा छेद मोठा असतो आणि पाणी जास्त शोषले जाते. हे कारण बरोबर नाही. छेद तिरपा केला म्हणून जलवाहिन्यांची संख्या वाढत नाही. तिरप्या कापाचा फायदा एवढाच, की दांडीचे टोक भांड्याच्या तळाला सपाट चिकटून बंद होत नाही. सल्ला योग्य, कारण चुकीचे, असे विज्ञानात बऱ्याच वेळा आढळते. वर्गात चर्चेला हे उदाहरण चांगले आहे.

दुसरा अडथळा जीवाणूंचा. कापलेल्या टोकातून पाझरणारा रस हे त्यांचे खाद्य. एक-दोन दिवसांत पाणी गढूळ होते, दांडीचे टोक बुळबुळीत होते आणि जलवाहिन्यांची तोंडे बुजतात. फूल भरल्या भांड्यात तहानलेले राहते. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकणे, भांडे स्वच्छ असणे आणि पाणी रोज बदलणे यांमागचे कारण हेच. गुच्छ पंख्याखाली ठेवू नये, कारण वारा पाकळ्यांलगतची ओलसर हवा उडवून नेतो आणि बाष्पोच्छ्वास वाढतो.

पिकलेल्या फळाचा शेजार

तिसरे कारण अधिक गमतीचे आहे. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी पूर्वी कोळशापासून काढलेला गॅस वापरत. या गॅसने वनस्पतींची वाढ बिघडते, असे दिसले होते. १९०१ साली रशियातल्या दिमित्री नेल्युबोव्ह याने वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून दाखवले, की गॅसमधला दोषी घटक इथिलीन हा आहे. पुढे १९३४ साली रिचर्ड गेन याने पिकणारी सफरचंदे स्वतःच इथिलीन तयार करतात हे सिद्ध केले. इथिलीन हे वनस्पतींचे संप्रेरक आहे. ते फळे पिकवते आणि अनेक फुलांना वृद्ध करते.

कार्नेशनचे फूल इथिलीनला फारच संवेदनशील असते. त्याच्या पाकळ्या आतल्या बाजूला मिटतात आणि पुन्हा उघडत नाहीत. शेवंती आणि जरबेरा यांवर मात्र फारसा परिणाम होत नाही. वनस्पतीच्या दृष्टीने यात अर्थ आहे. परागीकरण झाले की पाकळ्यांचे काम संपते. कार्नेशन आणि ऑर्किडमध्ये परागीकरणानंतर इथिलीन वाढते आणि फूल स्वतःच कोमेजू लागते. आपण मात्र बहुतेक वेळा फुलाचे काम होण्याआधीच ते तोडतो आणि त्याने आठवडाभर वाट पाहावी अशी अपेक्षा करतो! पुष्पगुच्छ आणि केळ्यांची फणी एकाच टेबलावर ठेवू नये, हा यातून निघणारा घरगुती धडा.

जवळचे की दूरचे?

फुलवाल्याच्या दुकानात दोन प्रकारची फुले येतात. नगर परिसरात झेंडू, शेवंती, अ‍ॅस्टर आणि गुलछडी म्हणजे निशिगंध पिकते. नगर तालुक्यातले अकोळनेर फुलशेतीसाठी ओळखले जाते. जिल्ह्यातल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने निशिगंधाची ‘फुले रजनी’ ही जात दिली आहे. यातली पुष्कळशी फुले सुटी, हारांसाठी विकली जातात. त्यांना दांडी नसल्याने ती पाणी पिऊ शकत नाहीत; त्यांचे आयुष्य एक-दोन दिवसांचे. गुच्छातल्या लांब दांडीच्या गुलाबाचे गाव वेगळे. मावळ तालुक्यात तळेगावच्या आसपास हरितगृहांत तो वाढवतात, कळी असतानाच तोडून लगेच पाण्यात ठेवतात, शीतखोलीत थंड करतात, दांडीच्या लांबीनुसार प्रतवारी करून वीस-वीसच्या जुड्या बांधतात.

यातले चांगले कोणते? ‘जवळचे ते ताजे’, असे आपण पटकन म्हणतो. आपल्या हिशेबातले ६ दिवसांचे फूल घेऊन ताडून पाहू. जवळच्या शेतातले फूल तोडून १२ तास ३५ अंशांना पडून राहिले, तर खोलीतल्या २५ अंशांना त्याचे ५ दिवस उरतील. दूरचे फूल दोन दिवस ५ अंशांना राहिले, तर साडेपाच दिवस उरतील. म्हणजे लांबून आलेले फूल वयाने लहान! पण त्याच दूरच्या फुलाचे खोके पुण्याला शीतगृहातून बाहेर काढून १२ तास उन्हात आणले, तर उरतात साडेचार दिवस. आणि जवळचे फूल पहाटे तोडून, लगेच बादलीतल्या पाण्यात ठेवून, सावलीत २५ अंशांना सहा तासांत दुकानात पोचले, तर पावणेसहा दिवस. या चौघांत तेच सर्वांत तरुण.

आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत, पण निष्कर्ष खरा आहे. जवळ असणे हा गुण आपोआप मिळत नाही. पहाट, सावली आणि पाण्याची बादली यांनी तो राखावा लागतो. शीतखोली उभारणे लहान शेतकऱ्याला परवडेलच असे नाही. बादली परवडते. मात्र गिऱ्हाईक फक्त फुलांची संख्या आणि कागदाची चमक पाहून पैसे देणार असेल, तर बादलीचे कष्ट कोणी का घ्यावेत? दूरवरून फोन करणाऱ्याला तर गुच्छ दिसतही नाही. त्याने ‘किती फुले?’ याच्याबरोबर ‘कधी तोडलेली? पाण्यात ठेवली होती का?’ एवढे दोन प्रश्न विचारले, तर काळजी घेणाऱ्या फुलवाल्याला आणि त्याच्यामागच्या शेतकऱ्याला त्याचा मोबदला मिळू शकेल.

वर्गात करून पाहा

गुलछडीच्या एकाच दिवशी तोडलेल्या, सारख्या लांबीच्या बारा दांड्या आणा. चार स्वच्छ बाटल्यांत प्रत्येकी अर्धा लिटर पाणी घ्या. पहिलीत नुसते पाणी, दुसरीत दोन चमचे साखर, तिसरीत दोन चमचे लिंबाचा रस, चौथीत साखर आणि लिंबू दोन्ही. प्रत्येकीत तीन दांड्या ठेवा. या प्रयोगात पाणी बदलू नका. गुलछडीच्या कळ्या खालून वर उमलतात, त्यामुळे मोजणे सोपे जाते. रोज ठरावीक वेळी उमललेल्या आणि सुकलेल्या फुलांची संख्या, पाण्याची पातळी आणि पाण्याचा गढूळपणा नोंदवा.

नुसत्या साखरेचे काय झाले ते मुद्दाम पाहा. साखर फुलाचे अन्न आहे, तसेच जीवाणूंचेही. लिंबाच्या आम्लाने जीवाणूंच्या वाढीला अडथळा येतो, म्हणून दोन्ही एकत्र दिल्यास काय फरक पडतो, याचा अंदाज विद्यार्थ्यांनी आधी लिहून ठेवावा आणि मग नोंदींशी ताडून पाहावा. आणखी चार दांड्या मिळाल्या तर दोन उन्हात आणि दोन सावलीत सहा तास पाण्याविना ठेवून नंतर एकाच बाटलीत ठेवा. संध्याकाळी फरक दिसतो का? तिसऱ्या दिवशी?

शाळेतल्या समारंभांत पाहुण्यांना गुच्छ दिला जातो आणि कार्यक्रम संपल्यावर तो बऱ्याचदा टेबलावरच राहतो. पुढच्या वेळी तो उचलून विद्यार्थ्यांच्या हाती द्या. दांड्या पाण्याखाली कापून कोणते फूल किती दिवस टिकले याची नोंद त्यांना ठेवू द्या. वर्षभरात अशा आठ-दहा नोंदी जमल्या, तर आपल्या गावात कोणत्या ऋतूत कोणते फूल पाठवावे हे त्या वर्गाला नेमके सांगता येईल, आणि ते गावच्या फुलवाल्यालाही उपयोगी पडेल.