सीएक्सएफमधला जेटी सर्व्हर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जावामध्ये वेब सर्व्हिस लिहिण्यासाठी वापरले जाणारे अपाची सीएक्सएफ हे फ्रेमवर्क सेल्टिक्स आणि एक्सफायर या दोन मुक्तस्रोत प्रकल्पांच्या विलीनीकरणातून २००६ मध्ये आकाराला आले. सर्व्हिस चालवण्यासाठी टॉमकॅटसारखा सर्व्हर आधी वेगळा बसवावाच लागतो, असे अनेकांना वाटते. तसे नाही. सीएक्सएफचे जेटी मॉड्यूल प्रकल्पात घेतले आणि सर्व्हिस पोर्टसकट पूर्ण पत्त्यावर प्रकाशित केली, की जेटी त्याच प्रोग्रामच्या आत सुरू होतो.

हा आतला सर्व्हर बंदिस्त असतो, त्याच्यापर्यंत पोहोचताच येत नाही, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. त्यापायी एखादे साधे स्थिर पान दाखवायलाही दुसरा सर्व्हर उभा केला जातो. वास्तविक वाट सरळ आहे. सीएक्सएफचे सगळे घटक ‘बस’ नावाच्या मध्यवर्ती वस्तूकडे नोंदलेले असतात. बसकडून जेटीची इंजिन फॅक्टरी मागायची, फॅक्टरीला पोर्ट क्रमांक देऊन इंजिन मिळवायचे आणि इंजिनाकडून खुद्द जेटीचा सर्व्हर घ्यायचा. अडते ते वेळेपाशी. त्या पोर्टवर पहिली सर्व्हिस प्रकाशित होईपर्यंत सर्व्हर तयारच झालेला नसतो, त्यामुळे आधी मागितल्यास हाती ‘नल’ येते. याउलट थ्रेडची संख्या, टीएलएस आणि स्वतःचे हँडलर मात्र प्रकाशनाआधीच ठरवावे लागतात.

प्रत्येक सर्व्हिसला स्वतंत्र सर्व्हर मिळतो, हेही खरे नाही. एका पोर्टला एकच इंजिन असते, म्हणून त्याच्या मांडणीतला बदल त्या पोर्टवरच्या सगळ्या सर्व्हिसना लागू होतो. सर्व्हिस टॉमकॅटमध्ये सीएक्सएफच्या सर्व्हलेटमार्फत सापेक्ष पत्त्यावर चालत असेल, तर तिच्यासाठी जेटी सुरूच होत नाही. तिथे इंजिन न सापडणे हा दोष नव्हे.

पत्त्यातल्या ‘लोकलहोस्ट’ या शब्दाकडेही दुर्लक्ष होते. समजा, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या एखाद्या कारखान्यात यंत्रांची माहिती देणारी सर्व्हिस ‘लोकलहोस्ट’च्या ९००० पोर्टवर प्रकाशित केली. त्याच संगणकावर ती चालते, शेजारच्या संगणकावरून मात्र उघडत नाही. तिथे शंका फायरवॉलवर घेतली जाते, पण सर्व्हर मुळात त्या एका संगणकापुरताच ऐकत असतो. पत्ता ०.०.०.० असा दिला की तो सर्व नेटवर्क जोडण्यांवर ऐकू लागतो. असा खुला करायचा सर्व्हर टीएलएसशिवाय सुरू करू नये.