आळशी पांडा की हिशेबी पांडा?

दिवसभर चरतो, उरलेल्या वेळात लोळतो, पिल्लं होता होत नाहीत. महाकाय पांडा म्हणजे उत्क्रांतीची फसलेली भट्टी, असं हसत हसत सांगणारे बरेच भेटतात.

आधी नात्याचा घोळ मिटवू. पांडा रॅकूनच्या भावकीतला, असं एकेकाळी काही शास्त्रज्ञही मानत. १९८०च्या दशकातल्या जनुकीय अभ्यासाने निकाल लावला: तो अस्वलच, फक्त सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी वेगळं बिऱ्हाड केलेला. सिक्कीमचा तांबडा पांडा नुसता नामबंधू. आणि गंमत म्हणजे ‘पांडा’ हे नाव आधी त्याचं!

आता त्याला जेवताना बघा. पाय पसरून बसतो, बांबूची कांडी मुठीत धरतो आणि आपण ऊस सोलावा तशी दातांनी वरची हिरवी साल काढतो. अंगठ्याशिवाय हे जमेल? पण बोटं मोजा. पाच एका रांगेत, आणि हा सहावा. तो बोट नव्हेच. मनगटातलं हाड वाढून झालेला खुंट. युन्नानमध्ये सापडलेल्या, सुमारे ६० लाख वर्षांपूर्वीच्या पांडाकुळातल्या प्राण्याचा खुंट तर आजच्याहून लांब होता. मग तो आखूड का झाला? शंभर किलोचं धूड त्याच पंजावर चालतं ना! संशोधकांच्या मते लांब खुंट चालताना अडला असता, म्हणून आखूड आणि टोकाशी आत वळलेला टिकला.

आतडं मात्र अजून मांसाहाऱ्याचं, आखूड. खाल्लेल्या बांबूतला जेमतेम १७ टक्के भाग पचतो. म्हणून दिवसाला १२ ते ३८ किलो बांबू, आणि म्हणूनच ते लोळणंही. २०१५च्या अभ्यासात दिसलं, की एवढ्या आकाराच्या प्राण्याला लागावी त्याच्या ३८ टक्केच ऊर्जा पांडा खर्चतो. मिळकत तुटपुंजी, तर खर्चही बेताचा. याला आळस म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

पिल्लांचं म्हणाल, तर मादीला वर्षातून दोन-तीनच दिवस गर्भ राहू शकतो, हे खरं. पण वांझपणाचा शिक्का बसला तो पिंजऱ्यातल्या जोड्यांवरून. सिचुआनच्या रानात एका मादीसाठी अनेक नर झुंजतात.

खरी अडचण वेगळीच आहे. बांबू फुलला की डोंगरभर एकदम मरतो. पूर्वी पांडा पलीकडच्या डोंगरावर जाई. आता मध्ये रस्ता आहे, शेती आहे.